पाइप मेजर आणि ड्रम मेजर: पाइप बँडचा म्होरक्या कोण?

बीटिंग रिट्रीटला विजय चौकात लष्कराचे पाइप बँड उतरले की नजर आधी जाते ती उंच मेस (गोंड्याची लांब काठी) फिरवत सर्वांपुढे चालणाऱ्या ड्रम मेजरवर. बँडचा प्रमुख तोच, असं बहुतेकांना वाटतं. पण बँडच्या सुराचा धनी त्याच्या मागे, पहिल्या रांगेच्या उजव्या टोकाला, इतरांसारखाच बॅगपाइप वाजवत चालत असतो. तो पाइप मेजर. ढोल-ताशा पथकात ध्वज पुढे नाचतो आणि ठेका ताशा धरतो, तसंच हे.

ड्रम मेजर चालताना काही वाजवत नाही. एवढ्या गजरात तोंडी हुकूम शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही, म्हणून निघणं, थांबणं, वळणं, वादन तोडणं हे सगळं तो मेसच्या खुणांनी सांगतो. आधी इशारा, मग ठरलेल्या पावलावर अंमल. इशारा उशिरा झाला तर पुढचे थांबतात आणि मागचे ड्रमर चालतच राहतात. हे कसब मोठंच आहे, आणि त्याची स्पर्धाही वेगळी असते: पोशाख, चाल आणि मेस फिरवण्याची सफाई यांवर गुण. बँडच्या स्पर्धेत मात्र ड्रम मेजर नसला तरी काही अडत नाही.

पाइप मेजरची कारकीर्द कशावर मोजतात, हे कळायला टेरी ली यांचं उदाहरण घ्यावं. कॅनडातल्या सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटी बँडचे ते १९८१ ते २०१३ पाइप मेजर होते. ग्लासगोची जागतिक स्पर्धा या बँडने त्यांच्या काळात सहा वेळा जिंकली: १९९५, १९९६, १९९९, २००१, २००८ आणि २००९. १९९८ मध्ये बँड न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजला. भाऊ जॅक ली पाइप सार्जंट, म्हणजे पाइप मेजरचे दुय्यम, म्हणून सोबत होते. त्या आधी, १९८७ मध्ये, कॅनडाच्याच ७८थ फ्रेझर हायलँडर्सनी या स्पर्धेचं विजेतेपद प्रथमच स्कॉटलंडबाहेर नेलं होतं, पाइप मेजर बिल लिव्हिंगस्टन यांच्या हाताखाली.

एवढ्या वर्षांत पाइप मेजरचा बराच वेळ जातो तो सूर जुळवण्यात. वीसेक चँटर, म्हणजे बोटांनी धून वाजवायच्या छिद्रांच्या नळ्या, एकच वाटले पाहिजेत. रीड (फुंकरीने थरथरून आवाज काढणारी पट्टी) आत सरकवली की सगळा चँटर चढतो, वरचे सूर जास्त. म्हणून आधी रीड नीट बसवायची, मग जो सूर एकटाच चढा राहील त्याच्या छिद्राच्या वरच्या कडेवर टेप लावून तो उतरवायचा. हा क्रम उलटला की टेप पुन्हा काढावी लागते. त्यानंतर ड्रोन, म्हणजे सतत एकच सूर धरणाऱ्या नळ्या: दोन टेनर (वरच्या सुराचे) आणि एक बास (खर्जाचा), सरकता जोड बाहेर ओढला की सूर उतरतो. थंड रीड उतरलेली असते, फुंकून गरम झाली की चढते. त्यामुळे पाइप न तापवता केलेली जुळवणी मैदानात टिकत नाही.

मग सुरुवात. ड्रमचे तीन-तीन पावलांचे दोन रोल, म्हणजे काठ्यांचे सलग घुमणारे आघात, होतात. दुसऱ्या रोलला पिशवीवर थाप पडून ड्रोन एकदम बोलले पाहिजेत, आणि मग सर्वांचा चँटरवरचा ई (E) सूर एकत्र. एकाचा चँटर आधी बोलला तरी परीक्षकाच्या कानाला लागतं. शेवटही तसाच एका झटक्यात, ड्रोन रेंगाळता कामा नये. बँड वर्तुळात उभा राहिला की सगळे पाइपर पाइप मेजरच्या पायाकडे बघतात, लय तिथून येते.

ड्रमची जबाबदारी लीड ड्रमरची, म्हणजे ड्रमरांच्या प्रमुखाची. ली यांच्या बँडमध्ये ती रीड मॅक्सवेल नावाचे ड्रमर सांभाळत. धुनींवर स्नेअरचं (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचं) वादन रचणं आणि ते आपल्या गटाकडून घोटून घेणं हे लीड ड्रमरचं काम, धुनी निवडणं मात्र पाइप मेजरचं. परीक्षकांची नेहमीची विभागणीही हेच दाखवते: पायपिंगला दोन, ड्रमिंगला एक, एकत्रित परिणामाला एक. त्यांनी दिलेल्या क्रमांकांची बेरीज बरोबरीत आली तर एकत्रित परिणामाच्या परीक्षकाने लावलेला क्रम ग्राह्य धरतात.