केमिस्ट की केमिकल इंजिनीअर?

“मला केमिस्ट्री आवडते, म्हणून मी केमिकल इंजिनीअरिंगला जाणार.” हे वाक्य बारावीच्या वयाच्या मुलामुलींकडून मी अनेकदा ऐकते आणि दर वेळी एकच उलट प्रश्न विचारते: केमिस्ट्रीतलं नेमकं काय आवडतं? कुठला बंध का तुटतो, इलेक्ट्रॉन कुठून कुठे सरकतात, रंग का बदलतो, असं उत्तर आलं तर मी त्यांना थोडं थांबवते. कारण त्यांना जे आवडतं, ते केमिकल इंजिनीअरिंगच्या अभ्यासात पहिल्या एखाद्या वर्षानंतर फारसं भेटत नाही. तिथे भेटतात पाइपमधून वाहणारे द्रव, धातूच्या भिंतीतून पलीकडे जाणारी उष्णता, पंप, वाफ आणि भरपूर डिफरन्शियल समीकरणं. ज्याला हे आवडतं त्याच्यासाठी तो अभ्यास सुंदर आहे. पण रेणूंच्या ओढीने आलेला विद्यार्थी दुसऱ्या वर्षी गोंधळून जातो आणि आपलंच काही चुकतंय असं समजून बसतो.

दोन्ही नावांत ‘केमि’ आहे, दोघंही रसायनांशी काम करतात, पुष्कळदा एकाच कंपनीत. घोटाळा होणं स्वाभाविक आहे. फरक समजून घ्यायचा असेल तर व्याख्या बाजूला ठेवून एक गणित करून पाहावं.

एक लिटर द्रव मावेल असा गोल फ्लास्क घ्या. त्याचा पृष्ठभाग साधारण 483 चौरस सेंटिमीटर भरतो. अभिक्रियेत तयार होणारी उष्णता बाहेर पडायला प्रत्येक लिटरमागे एवढी भिंत उपलब्ध आहे. आता त्याच आकाराचं, पण हजार लिटरचं भांडं घ्या. त्रिज्या दहापट झाली, घनफळ हजारपट झालं, पृष्ठभाग मात्र शंभरपटच वाढला. म्हणजे एका लिटरच्या वाट्याला आलेली भिंत 483 वरून 48 चौरस सेंटिमीटरवर घसरली. दहा हजार लिटरला ती 22 च्या आसपास उरते. रेणू तेच, तापमान तेच, प्रमाण तेच. पण फ्लास्कमध्ये बर्फाच्या पाण्यात सहज निवणारं मिश्रण मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये निवेलच असं नाही. तापमान चढलं की अभिक्रियेचा वेग वाढतो, वेग वाढला की आणखी उष्णता बाहेर पडते, आणि हे चक्र एकदा हाताबाहेर गेलं की त्याला रनअवे म्हणतात.

अभिक्रिया कोणती, ती का होते, तिच्यातून नेमकं काय तयार झालं, हे केमिस्टचे प्रश्न. हीच अभिक्रिया दहा हजार लिटरमध्ये, रोज, कुणाला इजा न होता आणि परवडेल अशा खर्चात कशी घडवायची, हा केमिकल इंजिनीअरचा प्रश्न. मोठं भांडं म्हणजे छोट्या भांड्याची वाढवलेली प्रत नसते. त्याच्या आत वेगळं भौतिकशास्त्र चालू असतं.

याची जबर किंमत मोजावी लागल्याचं एक उदाहरण मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात जॅक्सनव्हिल इथे टी-टू लॅबोरेटरीज नावाची छोटी कंपनी होती. तिचे दोन मालक होते, एक केमिस्ट आणि एक केमिकल इंजिनीअर. पेट्रोलमध्ये मिसळायचं मँगनीजयुक्त रसायन ते बनवत. पहिल्या पायरीत सोडियम धातू लागायचा आणि बरीच उष्णता बाहेर पडायची. चाचण्या एक लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये झाल्या होत्या, उत्पादन मात्र नऊ हजार लिटरहून मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये. सुरुवातीच्या काही बॅचमध्येच तापमान अनपेक्षितपणे चढलं होतं. पुढे बॅचचा आकार आणखी वाढवला गेला. 19 डिसेंबर 2007 रोजी 175वी बॅच चालू असताना थंड करणारी यंत्रणा चालली नाही, तापमान वाढत गेलं आणि एका मर्यादेपलीकडे सोडियम व द्रावक यांच्यातच दुसरी, कितीतरी जास्त उष्णता देणारी अभिक्रिया सुरू झाली. रिअ‍ॅक्टर फुटला. चार माणसं गेली, त्यांत इंजिनीअर मालकही होता. 32 जण जखमी झाले. तपास करणाऱ्या अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाला असं दिसलं की रनअवेचा हा धोका मालकांच्या लक्षातच आला नव्हता. म्हणून केमिकल इंजिनीअरिंगच्या पदवी अभ्यासक्रमात अभिक्रियांपासून उद्भवणारे धोके शिकवले जावेत, अशी शिफारस बोर्डाने केली.

ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. द्रावकाशी सोडियमची होणारी दुसरी अभिक्रिया हा केमिस्टच्या नजरेचा विषय होता. थंडावा बंद पडला तर काय, दाब किती वेगाने वाढेल, तो बाहेर सोडायची वाट किती रुंद हवी, हा इंजिनीअरच्या नजरेचा. धोका या दोन नजरांच्या मधल्या फटीत बसला होता. आपण कोणत्या बाजूचे हे ठरवताना दुसऱ्या बाजूचं जुजबी ज्ञान पुरेल, असं कुणी सांगितलं तर मानू नका.

ही विभागणी तशी फार जुनी नाही. जॉर्ज डेव्हिस यांनी 1887 मध्ये मँचेस्टरला केमिकल इंजिनीअरिंगवर व्याख्यानं दिली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीत या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. त्याआधी कारखाने केमिस्ट आणि मेकॅनिकल इंजिनीअर मिळून चालवत. अमोनियाची गोष्ट या जोडीची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट आहे. जर्मन केमिस्ट फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये प्रयोगशाळेत नायट्रोजन आणि हायड्रोजन जोडून अमोनिया बनवून दाखवला. कार्ल बॉश यांच्या वाट्याला आलं ते कारखान्याचं काम, आणि तिथे अडलं ते पोलादापाशी: प्रचंड दाबाखाली तापलेला हायड्रोजन पोलादातला कार्बन खाऊन टाकायचा आणि नळ्या फुटायच्या. बॉश यांनी आतून मऊ लोखंडाचं अस्तर दिलं आणि बाहेरच्या पोलादाला बारीक छिद्रं ठेवली, म्हणजे अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन तिथून निघून जाई. 1913 मध्ये जर्मनीतल्या ओपाऊचा कारखाना सुरू झाला. गंमत अशी की बॉश यांची डॉक्टरेट रसायनशास्त्रातली. पण त्याआधी ते धातुशास्त्र आणि यंत्रशास्त्र शिकले होते, आणि ते इथे कामी आलं.

रोजचं काम कसं असतं ते थोडक्यात सांगते. संशोधन करणारा केमिस्ट सकाळी काल लावलेली रिअ‍ॅक्शन टीएलसीवर (मिश्रणातले घटक पटकन वेगळे दाखवणारी प्लेट) तपासतो, द्रावक रोटाव्हॅप नावाच्या यंत्रावर उडवतो, हवा तो पदार्थ वेगळा करायला कॉलम लावतो, रेणूची रचना दाखवणारा एनएमआर काढून जे हवं होतं तेच मिळालं का ते बघतो. बहुतेक वेळा मिळालेलं नसतं आणि तरीही दुसऱ्या दिवशी उत्साहाने नवी रिअ‍ॅक्शन लावता आली, तर हे काम तुमचं. अ‍ॅनालिटिकल केमिस्टचा दिवस मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसीसारख्या यंत्रांसोबत आणि नोंदींसोबत जातो. केमिस्ट्री शिकलेल्या पुष्कळ मुलांची पहिली नोकरी क्वालिटी कंट्रोलची, म्हणजे याच जातीची असते. तिला कमी लेखू नये, त्या नोंदीवर औषध बाहेर जाणार की अडणार हे ठरतं. इंजिनीअरचा दिवस मास बॅलन्स (आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या मालाचा हिशोब), पी अँड आयडी नावाचे पाइप-व्हॉल्व्हचे नकाशे, प्लांटमध्ये काय काय बिघडू शकतं ते शोधणाऱ्या हॅझॉपच्या लांबलचक बैठका, नाहीतर प्लांटमध्ये शिफ्ट, असा जातो. त्याच्या हातात क्वचितच टेस्ट ट्यूब असते.

या दोघांच्या मधोमध एक जागा आहे आणि विद्यार्थ्यांना तिची माहितीच नसते, याचं मला वाईट वाटतं. तिला प्रोसेस केमिस्ट्री म्हणतात. इथे माणूस केमिस्टच असतो, पण विचार टनांत करतो. प्रयोगशाळेत आपण द्रावक पूर्ण कोरडा उडवतो. मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये तसं करता येत नाही, कारण तळाशी उरलेला गोळा ढवळताही येत नाही. कॉलम लावून शुद्ध करणं टनांत परवडत नाही, म्हणून स्फटिक पाडून शुद्ध करायची वाट शोधावी लागते. दहा मिनिटांत थेंबथेंब घातलेलं आम्ल प्लांटमध्ये तीन-चार तास घालावं लागतं आणि तेवढ्या वेळात नवी उपउत्पादनं डोकं वर काढतात. इबुप्रोफेनचं उदाहरण घ्या. जुन्या पद्धतीत सहा पायऱ्या होत्या आणि घातलेल्या अणूंपैकी वजनाने जेमतेम 40 टक्के औषधात पोचत. 1992 मध्ये कारखान्यात आलेल्या नव्या पद्धतीत तीनच पायऱ्या उरल्या आणि तो आकडा 77 टक्क्यांवर गेला. पायऱ्या कमी करणारा मार्ग केमिस्ट्रीतून आला. पण त्यात वापरलेलं हायड्रोजन फ्लोराइड इतकं घातक आहे की ते बंदिस्त फिरवून पुन्हा पुन्हा वापरणारी यंत्रणा नसती तर तो मार्ग कागदावरच राहिला असता.

एक बाजू निवडली की दुसरी कायमची बंद होते, असंही नाही. दोन नोबेल मिळवणारे लायनस पॉलिंग यांची पहिली पदवी केमिकल इंजिनीअरिंगची होती. 2018 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या फ्रान्सेस अर्नोल्ड आधी मेकॅनिकल व एरोस्पेस इंजिनीअरिंग आणि मग केमिकल इंजिनीअरिंग शिकल्या, आणि त्यांनी काम केलं एन्झाइमांवर. मात्र बाजू बदलताना भरून काढायचं ते वेगवेगळं असतं. केमिस्ट्रीकडून इंजिनीअरिंगकडे जाणाऱ्याला गणित, द्रवांचं वहन आणि उष्णतेचं वहन पायापासून शिकावं लागतं, आणि इंजिनीअर म्हणून सही करण्याचा अधिकार अनेक देशांत इंजिनीअरिंगच्या मान्यताप्राप्त पदवीशी जोडलेला असतो. उलट दिशेने येणाऱ्याला ऑरगॅनिकची मेकॅनिझम, म्हणजे अभिक्रिया पायरीपायरीने कशी घडते याची समज, आणि हाताची सवय कमी पडते. ती सवय प्रयोगशाळेत तास घालवूनच येते.

अजून ठरत नसेल तर प्रवेश घ्यायच्या आधी दोन्ही अभ्यासक्रमांच्या तिसऱ्या वर्षाचं वेळापत्रक मिळवून वाचा. पहिलं वर्ष दोन्हीकडे जवळपास सारखंच दिसतं, त्यावरून काही कळत नाही. तिसऱ्या वर्षाच्या विषयांची नावं वाचताना कोणत्या यादीपाशी तुम्ही जास्त वेळ रेंगाळता, ते बघा.