ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली का?

माझी मावशी निपाणीची. उन्हाळ्यात तिची खालची दाढ अशी धरली की रात्री दोनला उठून माठातलं गार पाणी तोंडात धरून बसायची, कोमट झालं की थुंकायचं, परत नवा घोट. पाचव्या दिवशी फोनवर एकदम खुशीत, "ठणका गेला बघ, लवंगतेलानं गुण आला, ते रूट कॅनल आता नको." मला धस्सच झालं.

दाताच्या आत पोकळीत मऊ गर असतो, पल्प म्हणतात त्याला, त्यात बारीक रक्तवाहिन्या आणि नसा. जंतू साखरेचं ॲसिड करतात, त्यानं दात झिजत झिजत खड्डा गरापर्यंत गेला की गर सुजतो. आता बोट सुजलं तर कातडी ताणते, पण गराच्या चारी बाजूंनी कडक भिंती, सुजायला जागाच नाही! रक्ताची ये-जा मुळाच्या टोकाच्या भोकातून, ते अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. दाब वाढला की पातळ भिंतींच्या नीला, म्हणजे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या, आधी चेपतात, रक्त बाहेर पडेना म्हणून दाब अजून वाढतो, मग ताजं रक्तही येईना, आणि गर मरतो. आडवं झालं की डोक्याकडं रक्त जास्त जातं म्हणून रात्री ठणका जास्त, आणि गार पाण्यानं आतला दाब जरा उतरतो म्हणून तो माठ.

म्हणजे मावशीचा ठणका गेला तो नस मेली म्हणून, जंतू तिथेच होते. नुसत्या अँटिबायोटिकनं हे का जात नाही तेही यातच आलं, गोळीचं औषध रक्तातून पोचतं आणि आत रक्तच उरलेलं नाही. मग पू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतो. रूट कॅनलमध्ये तो मेलेला गर बारीक फाईलींनी, म्हणजे कानशीसारख्या सुयांनी, काढतात, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकानं धुतात आणि गटापर्चानं भरतात. गटापर्चा म्हणजे मलायातल्या झाडाचा चीक, 1858 च्या अटलांटिक समुद्रातल्या टेलिग्राफच्या तारेवर ह्याचंच वेष्टण होतं! दात त्यानं 'मेलेलं लाकूड' होत नाही, मुळाभोवतीचे तंतू जिवंतच असतात, भातातला खडा लगेच कळतो.

वरची दाढ काढली की नजर जाते हे आमच्याकडं अजून सर्रास ऐकू येतं. मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी दातांची संवेदना नेणारी नस पाचवी, नजरेची दुसरी, दोन्ही वेगळ्या. आणि धुरी देऊन दाढेतली कीड काढून दाखवणारे लोक गरिबांचे पैसे तर खातातच, पण दाढ वाचवायची वेळही घालवतात, त्याचा मला फार राग येतो. दातात किडा नसतो हे फ्रान्सच्या पिएर फोशार या दंतवैद्यानं 1728 मध्येच लिहून ठेवलंय.

मावशीला शेवटी बेळगावला आणलं. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी हाड विरघळलेला काळा डाग. तीन खेपा झाल्या, इंजेक्शनचं टोचलं तेवढंच म्हणाली. आता फिल्मवर मुळांत भरलेल्या गटापर्चाच्या तीन पांढऱ्या रेघा दिसतात, वर कॅप आहे, आणि डाग भरत आला का बघायला सहा महिन्यांनी परत एक्स-रे काढायचाय.