मिशी राखणे (सोलापूर)

वरच्या ओठावरील केस वाढवून, विंचरून आणि कातरून त्यांना ठरावीक वळण देण्याच्या नित्यकर्मास मिशी राखणे असे म्हणतात. सोलापूर शहरात तसेच सांगोला, मंगळवेढा, माळशिरस या तालुक्यांत पिळदार, झुपकेदार आणि तलवारकट मिशा आजही दिसतात. मराठी, कन्नड व तेलुगू बोलणाऱ्यांच्या या मुलखात मिशी ही कोणा एका जातीची वा भाषेची मिरास नाही.

वयात येताना पुरुषी संप्रेरकांमुळे ओठावरील मऊ लव राठ केसांत बदलते. मिसरूड प्रथम ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांशी फुटते आणि नंतर मध्याकडे सरकते, म्हणून कोवळ्या मिशीचा मध्यभाग विरळ दिसणे स्वाभाविक आहे. चेहऱ्यावरचा केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. वारंवार वस्तरा फिरवला की मिशी दाट येते, हा समज पक्का रुजलेला आहे. परंतु अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तसे आढळले नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते आणि त्यामुळेच तो बोटाला राठ लागतो.

मिशी बिघडते ती बहुधा पहिल्या महिन्यात, घाईने कात्री लावल्यामुळे. या काळात फक्त ओठावर उतरणारी टोके कापावीत व बाकीचे केस नाकाखालच्या खळीपासून दोन्ही बाजूंना विंचरून त्यांना वळण लावावे. कातरताना केस कोरडे हवेत; ओला केस लांब दिसतो व वाळल्यावर आखडतो, त्यामुळे ओल्या मिशीचा अंदाज हमखास चुकतो. तोंड मिटलेले व चेहरा सैल असावा. मुरलेला कारागीर एक बाजू पुरी करून दुसरीकडे वळत नाही, तर दोन्हीकडे थोडे थोडे कापत आणि मधूनमधून मागे सरून समोरून पाहत मिशी कोरतो. शेवटी कडा वस्तऱ्याने साफ करून तुरटी फिरवली जाते.

सोलापूरचा उन्हाळा पिळाची कसोटी पाहतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि मिशीचे मेण सैल पडते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, पण खोबरेल २५ अंशांच्या आसपासच पातळ होते. त्यामुळे दोहोंच्या मिश्रणात उन्हाळ्यात मेण वाढवून तेल कमी करावे लागते. यंत्रमागावर चादरी व टॉवेल विणणाऱ्यांची अडचण निराळी आहे. कामाची पाळी संपेपर्यंत सुताचे बारीक तंतू भुवयांवर आणि मिशीवर साचतात व तेलकट केसांना अधिकच चिकटतात, म्हणून कामावर जाताना मिशी कोरडी ठेवून घरी आल्यावर ती धुऊन मग तेल लावणे हिताचे ठरते. कडक भाकरीबरोबरच्या शेंगाचटणीचा तेलकट भुगाही असाच अडकतो. जेवणानंतर नुसती पुसलेली मिशी स्वच्छ होत नाही, ती धुवावीच लागते.

संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या, सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत पांढरी बाराबंदी (बंदांनी बांधायचा पारंपरिक अंगरखा) घालून नंदीध्वज म्हणजे मानाच्या उंच काठ्या पेलणाऱ्यांत, तसेच दिवाळीत मंगळवेढा तालुक्यातील हुलजंतीच्या महालिंगराया यात्रेस जमणाऱ्या धनगर वृद्धांत राखलेली मिशी ठळकपणे नजरेत भरते. वडिलांच्या निधनानंतर मुलाने डोक्याबरोबर मिशीही उतरवण्याची रीत अनेक हिंदू कुटुंबांत आहे. त्यामुळेच वडील हयात असताना मुलाने मिशी काढलेली घरातील जुन्या मंडळींना रुचत नाही.

पिकलेल्या मिशीला कलप लावताना विशेष जपावे लागते, कारण ओठ व नाकाजवळची त्वचा नाजूक असते. काळ्या कलपांतील पॅराफेनिलीनडायामीन या रसायनाने काहींना सूज व पुरळ येते. त्यासाठी कलपाचा थेंब आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून ४८ तास वाट पाहावी आणि खाज सुटल्यास तो कलप मिशीला लावूच नये.