दंत ग्लास-सिरॅमिकची सूक्ष्मरचना

दाताची कॅप, इनले (दातातल्या खड्ड्यात बसवायचा तुकडा) किंवा व्हेनियर (दाताच्या दर्शनी बाजूवरचा पातळ पापुद्रा) घडवण्यासाठी वापरले जाणारे ग्लास-सिरॅमिक म्हणजे काच आणि तिच्या पोटात वाढवलेले स्फटिक. स्फटिक किती, केवढे आणि एकमेकांत कसे गुंतलेले, यावर दाताचे बळ आणि झाक ठरते. घटकद्रव्ये तीच ठेवूनही भट्टीतला क्रम बदलला की पदार्थ वेगळा होतो.

या पदार्थाचा शोधही भट्टीतल्या बिघाडातूनच लागला. १९५३ मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी लिथियम सिलिकेट काच ६०० अंश सेल्सिअसला तापवत होते. भट्टी ९०० वर गेली. काच वितळून पसरलेली असणार असे त्यांना वाटले. निघाला तो पांढरा, घट्ट तुकडा, आणि हातून निसटून जमिनीवर पडला तरी तो फुटला नाही.

आज सर्वाधिक वापर लिथियम डायसिलिकेटचा आहे. कॅड-कॅम, म्हणजे संगणकाने चालवलेल्या, यंत्रावर कोरण्यासाठी मिळणारा त्याचा ठोकळा चक्क निळसर-जांभळा असतो. या अवस्थेत त्यात सुमारे ४० टक्के लिथियम मेटासिलिकेटचे बारीक, चपटे स्फटिक असतात. वाकवताना तो साधारण १३० ते १५० मेगापास्कल (ताण मोजण्याचे एकक) ताणाला तुटतो, म्हणून हत्यार फार न झिजता कोरता येतो. कोरलेली कॅप मग ८४० ते ८५० अंशांवर भाजतात. मेटासिलिकेट भोवतालच्या काचेतली सिलिका ओढून घेते आणि डायसिलिकेट बनते. स्फटिकांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवर जाते, बळ ३६० मेगापास्कलच्या घरात पोहोचते आणि निळा रंग जाऊन दाताची छटा उमटते. आकसणे जेमतेम ०.२ टक्के. भाजणे अपुरे राहिले तर हे रूपांतर अर्धवट राहते; नुसती छटा जुळली म्हणून भाजणे आटोपते घेऊ नये.

त्याच कुळातला दुसरा प्रकार दाबून घडवतात. मेणाची कॅप साच्यात जाळून टाकतात आणि उरलेल्या पोकळीत ९१५ ते ९२० अंशांच्या आसपास मऊ झालेली ग्लास-सिरॅमिकची गुटी दाबून भरतात. इथले स्फटिक सुईसारखे, ३ ते ६ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब. कोरीव प्रकारातले भाजल्यावर दीड मायक्रॉनच्या आसपास. लांब सुया विणीसारख्या अडकतात आणि पुढे सरकणाऱ्या तड्याला वळणे घ्यावी लागतात. दाबाच्या ओघात त्या काही अंशी एका दिशेला झुकतात, त्यामुळे बळही सगळीकडे सारखे राहत नाही. पुन्हा पुन्हा तापवले की लहान स्फटिक विरघळतात आणि मोठे आणखी वाढतात.

ल्युसाइट (पोटॅशियम-ॲल्युमिनियम सिलिकेटचे खनिज) असलेल्या प्रकाराची अडचण निराळी. थंड होताना ल्युसाइटच्या स्फटिकाची ठेवण बदलते आणि तो भोवतालच्या काचेपेक्षा जास्त आकसतो. मोठ्या स्फटिकांभोवती त्यामुळे सूक्ष्म तडे पडतात. बारीक आणि सारखे पसरलेले स्फटिक हाच त्यावरचा इलाज.

चिकटवण्याआधी कॅपच्या आतल्या बाजूला हायड्रोफ्लुओरिक आम्ल लावतात. डायसिलिकेटसाठी ५ टक्के आम्ल २० सेकंद पुरते. ते मुख्यतः काच खाते, स्फटिकांची टोके उघडी पडतात आणि सिलेन (काच आणि सिमेंट यांना जोडणारे द्रव्य) लावल्यावर सिमेंट त्या खाचांत रुतून बसते. वेळ वाढवली तर स्फटिकांना धरून ठेवणारी काचच निघून जाते.