काउंटीचा ठराव आणि काउंटीचा ऑर्डिनन्स: दिसायला जुळे, वागायला नाहीत

गेल्या आठवड्यात कॅलिफोर्नियातल्या आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला: ‘काउंटीने वटहुकूम काढलाय, उद्यापासून घरातली खोली चार-आठ दिवसांच्या भाड्याने देता येणार नाही.’ पाठोपाठ दुसरा: ‘अहो, नुसता ठराव झालाय, काही होत नाही.’ दोघंही आपापल्या परीने ठाम होते आणि दोघांचंही चुकलं होतं. झालं होतं ते तिसरंच, आणि ते कळायला काउंटी बोर्डाच्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, आणि बोर्ड म्हणजे तिचं निवडून आलेलं सभागृह) अजेंड्यावरचे दोन शब्द नीट वेगळे करावे लागतात: रेझोल्यूशन, म्हणजे ठराव, आणि ऑर्डिनन्स.

पहिला घोटाळा आपल्या भाषेचाच आहे. ऑर्डिनन्स म्हटलं की आपल्या डोक्यात अध्यादेश येतो, म्हणजेच वटहुकूम. भारतात तो राष्ट्रपती किंवा राज्यपाल काढतात, तेही सभागृहाचं अधिवेशन चालू नसताना. रात्री सही, सकाळी अंमल, आणि अधिवेशन भरल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो आपोआप गळून पडतो. कॅलिफोर्नियातल्या काउंटीचा ऑर्डिनन्स याच्या अगदी उलट्या स्वभावाचा. तो सभागृहातच मांडला जातो, लोकांसमोर, बहुतेक वेळा दोन बैठका घेऊन, आणि एकदा झाला की बोर्ड रद्द करेपर्यंत राहतो. त्याला मराठीत ‘स्थानिक कायदा’ म्हणणं बरं. नगरपालिकेच्या कामकाजाची सवय असलेले ‘उपविधी’ म्हणतील, पण तेही पुरतं बसत नाही, कारण आपल्याकडे महापालिकेचा उपविधी राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय लागू होत नाही. इथे काउंटीला हा अधिकार कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ११ ने थेट दिलेला आहे. राज्याच्या सर्वसाधारण कायद्यांशी विसंगत नसलं म्हणजे झालं, फाइल राज्याच्या राजधानीला, सॅक्रामेंटोला, धाडावी लागत नाही.

(हे सगळं कॅलिफोर्नियाचं. टेक्सासच्या काउंट्यांना असे सरसकट स्थानिक कायदे करण्याची मुभाच नाही. न्यू जर्सीत तर २०२० संपेपर्यंत काउंटी बोर्डाचं नाव ‘बोर्ड ऑफ चोझन फ्रीहोल्डर्स’ असं होतं. तिथल्या एडिसन गावातल्या नातेवाइकांशी वाद घालण्याआधी हे ध्यानात ठेवा.)

कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत. प्रत्येकीच्या बोर्डात पाच सुपरवायझर, म्हणजे निवडून आलेले सदस्य, सॅन फ्रान्सिस्को शहर आणि काउंटी दोन्ही असल्यामुळे तिथे ११. पाच जणांच्या बोर्डात कुठलाही निर्णय घ्यायला निदान तीन मतं लागतात. सभागृहात तिघेच हजर असले तरी तिघांचीही मतं एकाच बाजूला पडावी लागतात. इथपर्यंत ठराव आणि ऑर्डिनन्स सारखेच. फाटा फुटतो तो इथून पुढे.

ठराव म्हणजे बोर्डाने स्वतःपुरतं, स्वतःच्या यंत्रणेपुरता घेतलेला निर्णय किंवा जाहीर केलेलं मत. अमुक कंत्राट द्या, तमुक अनुदानासाठी अर्ज करा, निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याचा गौरव करा, दिवाळीच्या शुभेच्छा द्या. आपल्या झेडपीतले अभिनंदनाचे आणि दुखवट्याचे ठराव आठवा, जात तीच. तो त्याच बैठकीत मांडला जातो, त्याच बैठकीत मंजूर होतो आणि लगेच लागू होतो. बरेचसे तर ‘कन्सेंट कॅलेंडर’वर असतात, म्हणजे तीसचाळीस विषय एकगठ्ठा, एका मतात पार. ठरावाने तुमच्यावर नवं बंधन सहसा येत नाही. बोर्डाने परदेशातल्या युद्धाविरुद्ध ठराव केला तर ते युद्ध थांबत नाही आणि ठराव न मानल्याबद्दल तुम्हाला दंडही होत नाही. गंमत अशी की सभागृह तुडुंब भरतं ते अशाच ठरावांना. फलक, घोषणा, दोन दोन मिनिटांची भाषणं, माइकसमोर हिरवा, पिवळा, लाल दिवा. आणि त्याच सकाळी पंधरा विषय पुढे एखादा ऑर्डिनन्स मांडला जातो तेव्हा खुर्च्या रिकाम्या.

ऑर्डिनन्स तुमच्या दारापर्यंत येतो. तो मोडणं हा कायद्याने ‘मिस्डिमीनर’ दर्जाचा, म्हणजे किरकोळ पण फौजदारी गुन्हा आहे, बोर्डाने त्याच ऑर्डिनन्समध्ये त्याला ‘इन्फ्रॅक्शन’, म्हणजे नुसत्या दंडावर भागणारा अपराध, म्हणून सौम्य केलं नसेल तर. इन्फ्रॅक्शन असेल तर सर्वसाधारणपणे दंडाची कमाल मर्यादा पहिल्या खेपेला १०० डॉलर, वर्षाच्या आत पुन्हा तेच केलं तर २००, तिसऱ्यांदा ५००.

एक खरं उदाहरण घेऊ. २०१० साली सांता क्लारा काउंटीने फास्ट फूडवाल्यांसाठी एक ऑर्डिनन्स केला: मुलांच्या जेवणात ४८५ हून अधिक कॅलरी किंवा ६०० मिलिग्रॅमहून अधिक सोडियम असेल तर त्याच्यासोबत खेळणं द्यायचं नाही. तो ३ विरुद्ध २ मतांनी पार पडला. जगभर बातम्या झाल्या. पण तो लागू झाला तो कुठल्याही शहराच्या हद्दीत न येणाऱ्या भागातल्या मोजक्या दुकानांना. कारण काउंटीचे असे नियम शहरांच्या हद्दीत चालत नाहीत. सॅन होजेचं सॅन होजे बघेल, कुपर्टिनोचं कुपर्टिनो. आमची कॉलनी अशाच एका ‘अनइन्कॉर्पोरेटेड’ तुकड्यात आहे. पत्ता शहराचा, कारभार काउंटीचा. हद्दवाढीत राहून गेलेल्या वाडीसारखं. म्हणून हा सगळा उपद्व्याप आम्हाला माहीत असावा लागतो.

ऑर्डिनन्स हातात सत्ता देतो म्हणूनच कायद्याने त्याच्या पायात मुद्दाम बेड्या घातल्या आहेत. आधी तो मांडायचा (हे पहिलं वाचन), मग पाच दिवस जाऊ द्यायचे, त्यानंतरच मंजूर करायचा (हे दुसरं वाचन). तोही नियमित बैठकीतच. ऐनवेळी बोलावलेल्या विशेष बैठकीत नाही. मंजूर झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत तो वर्तमानपत्रात छापायचा, कुणी बाजूने मत दिलं आणि कुणी विरोधात त्या नावांसकट. आणि लागू व्हायचा तो ३० दिवसांनी. हे तीस दिवस उगाच दिलेले नाहीत. त्या मुदतीत लोकांनी पुरेशा सह्या गोळा केल्या, म्हणजे गव्हर्नरपदाच्या मागच्या निवडणुकीत काउंटीत जेवढी मतं पडली त्यांच्या १० टक्के, तर ऑर्डिनन्स तिथेच थांबतो. मग बोर्डाने तो मागे घ्यायचा, नाहीतर मतदारांपुढे ठेवायचा. सुपरवायझरांना स्वतःचा पगार वाढवायचा असेल तर तो ऑर्डिनन्सनेच, आणि त्यावर असं सार्वमत मागता येतं, हे तर थेट राज्यघटनेत लिहून ठेवलंय. घटना लिहिणारे पोचलेले लोक असावेत.

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या झाडांच्या परवानगीबद्दल एक ऑर्डिनन्स येत होता. मला कळलं तेव्हा पहिली बैठक होऊन गेली होती. म्हटलं, हरकत नाही, खरं मतदान दुसऱ्यांदाच आहे. कागदावर दोन मिनिटांचं भाषण लिहिलं, घड्याळ लावून म्हणून पाहिलं. पार्किंग शोधून वर पोचेपर्यंत साडेनऊ वाजले होते. विषय कन्सेंट कॅलेंडरवर होता आणि गठ्ठ्याबरोबर पार झाला होता. क्लार्कबाई शांतपणे म्हणाल्या, ‘चर्चा मागच्या वेळेला झाली की.’ तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या वाचनात स्पेलिंगच्या चुकांपलीकडे काही बदललं तर पुन्हा पाच दिवस थांबावं लागतं, म्हणून तिथे कुणाला काही बदलायची हौस नसते. बोलायचं ते पहिल्या वाचनाला. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

निदान एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. आपल्याकडच्या सभांमध्ये शेवटी ‘आयत्या वेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने’ असं एक कलम असतं आणि त्यातून काय काय आत येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथे १९५३ च्या ब्राऊन ॲक्टमुळे, म्हणजे स्थानिक संस्थांच्या बैठका लोकांसमोर व्हाव्यात यासाठीच्या राज्याच्या कायद्यामुळे, नियमित बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो, आणि त्यावर नसलेल्या विषयावर, काही मोजके अपवाद सोडले तर, निर्णय घेता येत नाही. ठराव असो की ऑर्डिनन्स, दोघांनाही हे सारखंच लागू.

बेड्या काढायची एक किल्ली मात्र आहे. ‘अर्जन्सी ऑर्डिनन्स’. पाचापैकी चौघांनी मत दिलं आणि निकड कशाची ते लिहून दाखवलं, तर तो मांडल्या मांडल्या मंजूर होतो आणि त्याच क्षणी लागू होतो. मार्च २०२० मध्ये सांता क्लारा काउंटीने भाडेकरूंना घराबाहेर काढायला मनाई केली ती अशीच. आपल्या वटहुकुमाच्या जवळ जाणारी गोष्ट कुठली असेल तर ती ही, तरीसुद्धा सभागृहात मतं टाकून झालेली.

इथवर वाचून ‘ठराव हलका, ऑर्डिनन्स भारी’ असं सूत्र कुणी बांधलं तर ते पहिल्याच अजेंड्यावर मोडेल. काउंटीचं अब्जावधी डॉलरचं वार्षिक बजेट ठरावाने मंजूर होतं. स्थानिक आणीबाणी बोर्ड जाहीर करतं किंवा कायम करतं ती ठरावानेच, आणि दर ६० दिवसांत तिचा फेरविचार करावा लागतो. आणि सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे जमीन. काउंटीत पुढच्या वीस वर्षांत कुठे घरं, कुठे शेती, कुठे गोदामं हे ठरवणारा ‘जनरल प्लॅन’ बदलतो ठरावाने. त्याच जमिनीचं झोनिंग, म्हणजे कुठल्या तुकड्यावर काय आणि किती बांधता येईल याचे नियम, बदलतं ऑर्डिनन्सने. झोनिंग जनरल प्लॅनशी जुळतं असावं लागतं. म्हणजे शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर चार मजले येणार असतील तर खरा निर्णय त्या ‘नुसत्या’ ठरावात होऊन जातो आणि ऑर्डिनन्स मागून सावकाश येतो. जमिनीच्या बाबतीत मी तरी ठरावाकडेच आधी बघते. अशा ठरावाला वजन येतं ते राज्याच्या कायद्याने त्याच्या हातात दिलेल्या कामामुळे. दिवाळीच्या शुभेच्छांच्या ठरावात ते नसतं, कागद मात्र दोन्ही ‘ज्याअर्थी… त्याअर्थी’ असेच चालतात. ऑर्डिनन्सची सुरुवात ठरलेली: ‘अमुक काउंटीचे बोर्ड ऑफ सुपरवायझर्स असा कायदा करते की’. पहिली ओळ वाचली तरी कुठला कागद हातात आहे ते कळतं.

तर आमच्या ग्रुपवरच्या वादाकडे. मी अजेंडा उघडून पाहिला. क्रियापद होतं ‘इंट्रोड्यूस’. म्हणजे ऑर्डिनन्सच, पण नुसता मांडलेला. दुसरं वाचन येत्या मंगळवारी, त्यानंतर तीस दिवस. ‘उद्यापासून’ काही नव्हतं आणि ‘काही होत नाही’ असंही नव्हतं. विषय पुन्हा कन्सेंट कॅलेंडरवरच आहे. तो तिथून काढून चर्चेला घ्यावा, अशी ईमेल आमच्या डिस्ट्रिक्टच्या सुपरवायझरांना काल रात्री टाकली, ग्रुपवर तिची प्रत दिली, आणि मंगळवारी गाडी न नेता ट्रेनने जायचं ठरवलंय.