वेर्निगेरोडे स्टेशन: वाफेच्या गाडीचं कौतुक सगळ्यांना, पण किस्सा शेजारच्या लाईनीचा

वेर्निगेरोडे हे जर्मनीतल्या हार्ट्स डोंगराच्या उत्तर पायथ्याचं गाव, लोकसंख्या तीसेक हजार. स्टेशनवर एका बाजूला नेहमीची डिझेल पॅसेंजर उभी असते आणि पलीकडच्या फलाटावर चक्क वाफेचं इंजिन, तेही शोपीस नाही, टाइमटेबलप्रमाणे रोज सुटणारं. साहजिकच सगळे मोबाईल काढून तिकडेच पळतात.

इथं रेल्वे आली १८७२ मध्ये, पूर्वेकडून. मग १८८४ ला ती इल्झेनबुर्गला पोचली आणि १८९४ ला बाड हार्ट्सबुर्गला, म्हणजे जेमतेम वीसेक किलोमीटर पुढे सरकायला बावीस वर्षं! डोंगरात शिरायचं काम मात्र वेगळ्याच कंपनीनं केलं, तेही मीटर गेजवर (आपली जुनी मनमाड-औरंगाबाद लाईन आठवा, तोच गेज). १८९९ पर्यंत डोंगर ओलांडून दक्षिणेच्या नॉर्डहाउझेनपर्यंत रूळ पोचले होते आणि ब्रोकन शिखराचा फाटा तर १८९८ लाच पूर्ण झाला होता. वेर्निगेरोडे स्टेशन समुद्रसपाटीपासून २३४ मीटरवर, ब्रोकनचं ११२५ मीटरवर आणि मधे दातेरी रूळबिळ काही नाही, साधं इंजिन धापा टाकत वर जातं. वाटेत द्राय आनेन होहने नावाच्या जंक्शनला गाडी थांबते, इंजिन पाणी भरून घेतं, तेवढ्यात पब्लिक खाली उतरून फोटो.

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व आणि पश्चिम जर्मनीची हद्द इथून, एकर नावाच्या छोट्या नदीवरून गेली. ही नदी इल्झेनबुर्ग आणि बाड हार्ट्सबुर्गच्या मधे, त्यामुळे लाईन तिथंच तुटली आणि वेर्निगेरोडे, जे रस्त्यातलं स्टेशन होतं, ते पूर्व जर्मनीच्या बाजूला जवळजवळ टोकाचं झालं. ब्रोकन तर ऐन हद्दीवर, १९६१ च्या ऑगस्टपासून सामान्य माणसाला बंद. वर सोविएत सैन्य आणि पूर्व जर्मनीच्या गुप्तहेर खात्याची ठाणी, त्यांच्यासाठी मालगाड्या जायच्या, पण प्रवासी गाडी खाली शिर्के गावापर्यंतच आणि तिथं जायलाही परवाना.

आता वाफेची इंजिनं टिकली कशी, तर कौतुकापोटी अजिबात नाही. आज धावणारी बरीचशी इंजिनं १९५४ ते ५६ मधली. सत्तरच्या दशकात ती तेलावर चालवायला घेतली, मग तेल परवडेना म्हणून परत कोळशावर आणली. त्यानंतर सरकारी रेल्वेनं स्टँडर्ड गेजच्या (म्हणजे तिथल्या नेहमीच्या, जास्त रुंद रुळांच्या) डिझेल इंजिनांना मीटर गेजची चाकं लावायचा घाट घातला, अशी दहा तयारही झाली आणि बारीक रुळांवर ती इतकी उंच दिसायची की लोकांनी नाव ठेवलं 'हार्ट्सचा उंट'. पुढची व्हायच्या आत देशच बदलला आणि वाफ वाचली.

११ नोव्हेंबर १९८९ ला इल्झेनबुर्गच्या पुढच्या श्टापेलबुर्ग गावाजवळची हद्द उघडली, ३ डिसेंबरला लोक ब्रोकनवर चालत गेले आणि फाटक उघडायला लावलं. १५ सप्टेंबर १९९१ ला वाफेची गाडी पुन्हा वर गेली आणि १९९३ पासून हे सगळं जाळं, जवळपास १४० किलोमीटर, स्थानिक मालकीच्या कंपनीकडे आहे. दुसऱ्या टोकाला नॉर्डहाउझेनमध्ये तर २००४ पासून शहरातली ट्रामच या मीटर गेज रुळांवर येते, शहरात विजेवर आणि पुढे इल्फेल्डपर्यंत पोटातल्या डिझेल इंजिनावर.

मोठ्या, म्हणजे स्टँडर्ड गेजच्या लाईनीला जरा जास्त वेळ लागला. १९९६ च्या जूनमध्ये पश्चिमेचा दुवा परत जोडला खरा, पण जुन्या मार्गानं नाही, श्टापेलबुर्गहून नवीन रूळ टाकून पश्चिमेकडच्या फीनेनबुर्ग गावाला नेला. त्यामुळे आज वेर्निगेरोडेहून एकीकडे हाल्बरश्टाट, हाले आणि दुसरीकडे गोस्लारला थेट गाडी मिळते, स्टेशनबाहेरच बसस्टँड असल्यानं डोंगरातल्या गावांनाही जाता येतं. फक्त बाड हार्ट्सबुर्ग, जिथं १८९४ मध्ये गाडी सरळ जायची, तिथं ट्रेननं जायचं तर आता फीनेनबुर्गला उतरून गाडी बदलायची.