सॅनिटायझर पुरेसा नाही: वॉर्डात उलट्या-जुलाबाची साथ आली तर

एकाच खोलीतल्या दोन आजींना एका रात्रीत उलट्या सुरू झाल्या, तर ‘जेवण बाधलं असेल’ म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूची साथ बहुधा अशीच सुरू होते. लागण झाल्यापासून १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो आणि १ ते ३ दिवसांत ओसरतो. पण बरं वाटू लागल्यावरही विषाणू शौचातून दोन आठवडे किंवा जास्त दिवस बाहेर पडत राहतो, आणि लागण व्हायला मोजके कण पुरतात.

दारावर टांगलेल्या सॅनिटायझरवर सगळ्यांची भिस्त असते. या विषाणूला चरबीचं बाह्य आवरण नसतं, म्हणून अल्कोहोल त्याच्यावर नीट चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, २० सेकंद, नखांच्या कडांसकट. बेसिनपाशी साबण संपला असेल तर बाकीचे नियम कागदावरच राहतात.

उलटी पडली की आधी आसपासच्या माणसांना दूर करा. हातमोजे, मास्क, एप्रन घालून जुन्या कापडाने किंवा कागदाने ती बाहेरून आत गोळा करा आणि पिशवी बांधून टाका. मग साबणाच्या पाण्याने पुसा, क्लोरीन त्यानंतरच. घाणीवर थेट ब्लीच ओतलं तर क्लोरीन घाणीतच खर्ची पडतं आणि विषाणू वाचतो. हायपोक्लोराइट (द्रव ब्लीच) ५ टक्क्यांचं असेल, तर उलटीच्या जागी ९०० मिली पाण्यात १०० मिली, आणि कड्या, नळ, खाटेच्या कडा, कॉल-बेल यांना लिटरभर पाण्यात २० मिली. जागा १० मिनिटं ओली राहू द्या. द्रावण रोज नवं करा. खानापूरकडच्या पावसाळी दमट हवेत उघड्या पोत्यातल्या ब्लीचिंग पावडरचं क्लोरीन उडून जातं. तिचा वास येतो म्हणून ती चांगली, असं समजू नये. ॲसिडच्या टॉयलेट क्लीनरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

आपल्याकडे अवघड भाग नातेवाइकांचा. चंदगड, खानापूर, निपाणीहून बेळगावला आलेल्या पेशंटजवळ घरचं कुणीतरी खाटेशेजारीच झोपतं, डबा येतो, कुंद्याचा पुडा हातोहात फिरतो. साथ असेपर्यंत एका पेशंटजवळ एकच माणूस, आणि तोच राहू द्या; रोज बदलला तर दरवेळी नवं घर धोक्यात येतं. सूचना कन्नड आणि मराठी दोन्हीत लावा. आजारी पेशंट एका खोलीत, त्यांच्यासाठी वेगळं शौचालय आणि वेगळी आया. लक्षणं थांबल्यावर ४८ तास त्यांना तिथेच ठेवा.

हाच ४८ तासांचा नियम आया, नर्स आणि स्वयंपाकघरातल्यांनाही लागू. रोजंदारीवरच्या बाईचा पगार कापला जात असेल, तर ती पोट धरून कामावर येणारच. म्हणून त्या दोन दिवसांचा पगार द्यायलाच हवा. तो खर्च साथीपेक्षा स्वस्त पडतो.

वृद्धांना धोका असतो तो पाणी कमी होण्याचा. ओआरएसचं २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घाला, अर्धं पेल्यात नको. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून चमच्याचमच्याने पाजा. गुंगी आली, लघवी फार कमी झाली, तर डॉक्टरांना लगेच कळवा. लघवीच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

पहिल्या दोन-तीन दिवसांतच शौचाचे नमुने घ्या आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा. साथ संपल्यावर पडदे काढून गरम पाण्यात, किमान ६० अंशांना धुवा.